हमालअक्का आणि तिचे नवाबसाब

आमच्या बिल्डिंगमध्ये एकच घर असं होतं, जिथली तुरीची डाळ कुकरमध्ये जाण्याआधी व्यायाम करायची. तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. सकाळी दार उघडंच असायचं. आत एक उंच, सावळी बाई पदर कमरेला खोचून उभी असायची, दोन्ही हातांत डाळीच्या कापडी पिशव्या. पिशव्या खांद्यापर्यंत वर, मग सावकाश खाली. समोर पलंगावर तिचा नवरा उशीला टेकून बसलेला असायचा आणि बादशहानं कवायत बघावी तसा हा सगळा प्रकार बघायचा. आठवडाभर उचलून झाली की ती डाळ डब्यात जायची आणि पिशवीत नवी डाळ यायची. "आधी उचलायची, मग गिळायची," ती म्हणायची. "फुकटचं खायची सवय नाही आपल्याला."

वयानं ती माझ्याहून बरीच धाकटी. पण नांदेडकडच्या माहेरी ती सगळ्यांत थोरली, म्हणून जन्मापासूनच अक्का. 'हमाल' हे मी पुढे लावलं. इथल्या बेगम बाजारात धान्याचं पोतं पाठीवर घेऊन निघालेला हमाल जसा 'हटो, हटो' करत गर्दी फोडतो, तशी ती दोन हातांत दोन पिशव्या घेऊन आमचा जिना फोडत यायची. नाव ऐकून तिला राग येईल अशी मला आशा होती. ती खूश झाली. माझं नाव तर तिनं आधीच काचबाई ठेवलं होतं. ते मला अगदी चपखल बसत होतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

माझं ऑपरेशन तिच्या कितीतरी वर्षं आधी झालेलं. तोच आजार, स्तनाचाच कॅन्सर, डावी बाजू. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मला बजावलं गेलं की या हातानं जड काही उचलायचं नाही, हात सुजेल. सांगणाऱ्याची काळजी खरी होती. पण ऐकणारी मी होते. 'जड' म्हणजे काय हे ठरवायचं काम मी स्वतःकडे घेतलं आणि त्यात परातीतली कणीक, भाजीची पिशवी, पाहुण्यांची खरकटी ताटं आणि नणंदेचं गुटगुटीत बाळ असं सगळं बसवलं. हात सदानकदा छातीशी दुमडलेला, जणू नवाबाच्या कपाटातली चिनी बशी. सुलतान बाजारात साड्या बघायला बसले की मात्र तोच हात गठ्ठ्याच्या अगदी तळातली साडी खसकन ओढून काढायचा. कुणी ओळखीचं दिसलं की पुन्हा बशी कपाटात. आमचे हे बिचारे दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जायचे आणि मी गॅलरीतून त्यांना 'जपून हं' असं सांगायचे.

वर आमच्या लोकांचं प्रेम. मराठवाड्याचा माणूस आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं येत नाही. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, गव्हाची खीर, शेजारच्या आपांकडून पावाचा तुपाळ डबलका मीठा. 'अशक्तपणा आलाय बाईला' म्हणत सगळे मला भरवत होते आणि मी डोळे मिटून अशक्त होत होते. काही वर्षांत परिस्थिती अशी झाली की हात सुकला आणि बाकीची मी फुगले. वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढायचा तर स्टूल लागायचं, आणि स्टुलावर चढायचं तर आमचे हे.

अक्काला असे लाड करून घ्यायला वेळ नव्हता. तिचे यजमान आबिड्सच्या पोस्टात काउंटरवर होते. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूनं पाडलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक डावा हात आणि एक 'हं' एवढं उरलं. धडधाकट होते तेव्हाही हा माणूस पाण्याचा पेला स्वतः उठून घेत नसे, म्हणून ती त्यांना पहिल्यापासून नवाबसाब म्हणायची. "आता तर खरेच नवाब झालेत," ती सांगायची. "आधी नुसती ॲक्टिंग होती."

त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत आणि परत पलंगावर न्यायचं काम ती एकटी करायची. माणूस ठेवून पाहिला होता. एक नाही, तीन. पण परक्याचा हात लागला की नवाबसाब लाकूड व्हायचे. अंग ताठ, जबडा घट्ट, डोळे वर. शेवटचा माणूस तर हात जोडून म्हणाला, "अम्मा, ये साब को उठाने से अच्छा मैं खंबा उखाड लेता हूँ." आणि अक्कानं नुसतं पुढ्यात उभं राहून म्हटलं, "उठो नवाबसाब, सवारी आ गई," की तो डावा हात आपोआप वर यायचा आणि तिच्या मानेभोवती पडायचा.

अशात तिला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग ती औषधं, केस गेले, सगळं झालं. तेवढे दिवस पुण्याहून मुलगा येऊन राहिला. बापाला उचलता उचलता त्याची स्वतःची कंबर धरली. मुलगा वाईट नव्हता हो. दोन खोल्यांचा फ्लॅट, बायकोची रात्रपाळी, लहान लेकरं. जाताना तो म्हणाला, "आई, तुझा हात आता हा असा. बाबांना कोण उचलणार? पुण्यात एक चांगलं सेंटर आहे. तिथं ठेवू त्यांना, तू आमच्याकडे राहा."

अक्का त्याला म्हणाली, "परक्याच्या हातात ते लाकूड होतात. सेंटरमधी त्यांना लाकडासारखंच ठेवतील. मी उचलते तोवर ते या घरचे. ज्या दिवशी माझ्यानं उचलणार नाही, त्या दिवशी ने."

मुलगा गेला. ती वर माझ्याकडे आली, आणि मी अनुभवी पेशंट या नात्यानं तिला पहिला सल्ला दिला, "हात जप गं अक्का. आता जन्मभर काही उचलायचं नाही." "तुमचा नवरा उचलायचा होता का?" तिनं विचारलं.

तिला दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत पाठवलं होतं. सोबत मीही गेले, त्या लोकांना चार शब्द सुनावायला. तिथं वरंगलकडची एक बारकी पोरगी होती. तिनं आधी अक्काचा हात मोजला, खांदा फिरवून पाहिला, आणि मग सरळ एक छोटं वजन त्याच हातात दिलं. मी ओरडलेच.

"अगं ए! सुजेल तो हात!"

"नहीं अम्मा," पोरगी शांतपणे म्हणाली. "धीरे धीरे बढाएंगे, रोज हात देखेंगे, सूजा तो रुकेंगे. उठाना छोड दिये तो कमजोर हो जाता हाथ. इस बीमारी की गोलियों से हड्डी भी पतली होती."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आपका भी हाथ दिखाओ."

मी हात पदराखाली घेतला. अक्का गालात हसली. "त्यांचा काचेचा आहे," ती म्हणाली. "आमच्या बिल्डिंगचं वैभव." त्या दिवसापासून मी काचबाई.

निघताना अक्कानं ते छोटं वजन तळहातावर खेळवत विचारलं, "पोरी, याच्यावरून सत्तर किलोच्या माणसावर यायला किती दिवस लागतील?" पोरगी हसली. मग थट्टा नाही हे कळल्यावर हसू आवरून तिनं स्टूल ओढलं, माणूस कसा उचलायचा हे नीट शिकवायला बसली. उचलायचा नसतोच म्हणे. त्याचे पाय जमिनीवर टेकवायचे, आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना लावायचे, कमरेला पट्टा बांधायचा, पुढे झुकवायचं आणि वळवायचं. हात गळ्यात घेऊ द्यायचा नाही, खांद्यावर ठेवायला सांगायचं. हे सगळं अक्का तंतोतंत शिकली. एक सोडून. "खांद्यावर ठेवतात आणि हळूच गळ्यात आणतात," तिनं पुढच्या खेपेला कबूल केलं. "लग्नात हार घालताना हात पुढं येईना त्यांचा. आता भरपाई करायलेत. मी कशाला नक्को म्हणू?"

खाण्याच्या बाबतीत तिनं आम्हा सगळ्यांना गारद केलं. तिलाही भेटायला माणसं यायची आणि प्रत्येकाकडे एक बंदी असायची. कॅन्सरला दूध चालत नाही. डाळ वातूळ. अंडं उष्ण. मटण तर नावच नको. गव्हांकुराचा रस घे, कारल्याचा घे, दुधीचा घे. अक्का सगळं ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि म्हणायची, "बाई, भिंत बांध म्हणता आणि विटा सगळ्या तुम्हीच नेता?" दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी तिला दर जेवणात काहीतरी अंगाला लागणारं घ्यायला सांगितलं होतं. ती सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी ज्वारीच्या भाकरीशी घट्ट वरण आणि दही, कधी मासळी, संध्याकाळी मूठभर फुटाणे असं खायची. वरणाच्या घट्टपणावर तिचा फार कटाक्ष. पळी उभी राहिली पाहिजे. लोकांनी आणलेले लाडू ती माझ्याकडे पाठवून द्यायची. "तुम्हाला अशक्तपणा आहे ना," हा निरोप वर.

ते लाडू मी खायचे, हे लपवण्यात अर्थ नाही.

वजनांऐवजी डाळीच्या पिशव्या ही कल्पना तिचीच. आम्ही दोघी मिळून बेगम बाजारात गेलो. अक्का डाळ बघत होती आणि दुकानदार तिला, कारण ती डाळ हातात घेऊन दाणे तपासायच्या ऐवजी अख्खी पिशवी वर-खाली करत होती. "अम्मा, दाल देखते हैं, तोलते नहीं," तो म्हणाला. "तोलने को काँटा है हमारे पास."

"हौ," अक्का म्हणाली, "पन तुमका काँटा नवाबसाब को नहीं उठाता ना."

परत येताना तिनं रव्याची एक लहान पिशवी माझ्या डाव्या हातात दिली. मी सवयीनं उजव्या हातात घेतली. तिनं परत डाव्या हातात दिली. असं रिक्षा मिळेपर्यंत चाललं. शेवटी रिक्षावालाच वैतागून म्हणाला, "पहले फैसला कर लेव, फिर बैठो." रवा डाव्या हातात राहिला. मीही मग त्या वरंगलच्या पोरीकडे जायला लागले. हात दाखवला. मान खाली घालून सांगते, पहिल्या दिवशी ते छोटं वजन उचलताना मला रडू आलं, आणि पोरीला वाटलं दुखलं म्हणून. दुखलं नव्हतं. इतकी वर्षं चहाच्या डब्यासाठी स्टूल मागत होते, त्याची लाज वाटली.

ती मधली वर्षं चांगली गेली. अक्काच्या पिशव्या जड होत गेल्या, नवाबसाब रोज चाकाच्या खुर्चीत बसून फाटकापर्यंत यायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डावा हात वर करून सलाम स्वीकारायला लागले. मुलगा फोन करायचा. अक्का फोन नवाबसाबांच्या कानाला लावायची, ते 'हं' म्हणायचे आणि ती भाषांतर करायची, "सेंटर नक्को म्हणायलेत."

मग तिची पाठ दुखायला लागली.

आम्हाला वाटलं, उचलताना लचक भरली असेल. तपासण्या झाल्या. दुखणं मणक्यात होतं, आणि लचकेचं नव्हतं. आजार फिरून आला होता, हाडात. डॉक्टरांनी सांगितलं, आता कुणालाही उचलायचं नाही, झटका बसला तर मणका मोडेल. त्याच दिवशी ती व्यायामाच्या खोलीत गेली. वरंगलच्या पोरीनं कागद वाचले, अक्काचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आज कुछ नहीं करेंगे अम्मा. खाली बैठेंगे." आम्ही तिघी नुसत्या बसलो. समोरच्या रॅकवर वजनं ओळीनं मांडलेली होती.

नातेवाइकांना कारण लगेच सापडलं. "बघा, वजनं उचलली म्हणून फिरून आला." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, उलट त्यामुळेच इतके दिवस धडधाकट राहिल्या. "मग कशाशी आहे संबंध?" मी विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि परत लावलं. मला आजवर कुणाचाही इतका राग आला नव्हता आणि कुणाची इतकी कीवही आली नव्हती.

अक्का घरी आली, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "घ्या. आता मी काचबाई. तुम्ही हमाल व्हा."

"मी? तुझ्या नवऱ्याला मिठी मारू? या वयात?"

"वय झालंय म्हणूनच म्हणायली. आधी मारू दिली नसती."

तर मी शिकले. गुडघ्याला गुडघा, कमरेला पट्टा, पुढे झुकवा, वळवा. पहिल्या दिवशी मी पुढ्यात उभी राहिले आणि नवाबसाब लाकूड झाले. मागून खुर्चीतून अक्काचा आवाज आला, "उठो नवाबसाब, सवारी आ गई." लाकूड सैल पडलं. डावा हात वर आला आणि माझ्या खांद्यावरून गळ्यात पडला. मी उचललं. म्हणजे वळवलं. डळमळले, पण ते खुर्चीत बसले आणि मीही पडले नाही. अक्कानं टाळ्या वाजवल्या, आणि वाजवताना तिचा चेहरा दुखण्यानं आवळला. रोज हेच. आवाज तिचा, अंग माझं. मी कपाळाला आठ्या पाडून म्हणायचे, "माझ्या हातांत बळ आलं ते दुसरीच्या नवाबासाठी." ती म्हणायची, "सवत चांगली मिळाली हो नवाबसाब, वरण तेवढं पातळ करते."

वरण मी घट्टच नेत होते. पण तिच्या घशाखाली उतरेना. आधी भाकरी सुटली, मग भात, मग अंडं. तीच ती, जी लोकांना विटांवरून सुनावायची, दोन चमचे वरणाच्या पाण्यावर थांबायची. मी सोप्या सोप्या वस्तू करून न्यायचे, गोड, तिखट, आंबट. ती वास घ्यायची, मला बरं वाटावं म्हणून ओठाला लावायची. एकदा म्हणाली, "काचबाई, तुम्ही विटा रोज आणायल्यात. पण गवंडीच निघून गेला." मी वाटी परत घेतली. काय करणार होते?

मुलगा येऊन राहिला होता. एका संध्याकाळी तिनं आम्हा दोघांना जवळ बोलावलं. तो काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मी म्हणाले होते ना, माझ्यानं उचलणार नाही त्या दिवशी ने. तो दिवस होऊन गेला रे. या बाईनं उगाच लांबवला." मी म्हटलं, "मी अजून लांबवते. मी आहे ना." तिनं माझ्या डाव्या दंडाला हात लावला, भाजीवाल्याची काकडी दाबून बघावी तसा. "चांगला झालाय," एवढंच म्हणाली.

ती गेली तेव्हा तिचं वजन इतकं कमी झालं होतं की मुलानं तिला एकट्यानं उचललं.

तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जेवून गेली. बुद्धवंदना चालू असताना नवाबसाब पलंगावर टेकून दाराकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची गाडी दाराशी लागली. मी मुलाला म्हटलं होतं, राहू दे त्यांना, मी रोज खाली येईन. तो म्हणाला, "मावशी, तुमचं वय काय? आणि तुम्हाला काही झालं तर?" बरोबर होतं त्याचं.

"निदान गाडीत मी बसवते," मी म्हटलं. "मला येतं."

मी पदर खोचला. त्यांचे पाय जमिनीवर टेकवले, कमरेला पट्टा बांधला, गुडघ्याला गुडघा लावला. सगळं तिच्यासारखं. आणि तिच्याच चालीवर म्हटलं, "उठो नवाबसाब, सवारी आ गई."

त्यांचा डावा हात वर आला. माझ्या खांद्यापर्यंत आला. तिथं थांबला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या खुर्चीकडे. हात परत खाली गेला आणि मांडीवर जाऊन पडला. अंग ताठ झालं.

मी पुन्हा म्हटलं. आवाज जरा बदलून म्हटलं. मराठीत म्हटलं. मुलगा म्हणाला, "राहू द्या मावशी."

मग मुलगा, ड्रायव्हर आणि वरच्या मजल्यावरचे दोघं अशा चौघांनी त्यांना चादरीत घालून नेलं. मी दाराशी उभी होते. दोन्ही हातांत बळ होतं, तिनं पिशवी-पिशवीनं भरलेलं. ते घ्यायला कुणी नव्हतं.

ती बसल्यापासून तिच्या ओट्यावरच्या दोन्ही पिशव्या मीच उचलत होते, त्या दुपारी मी वर आणल्या. आठवडा उलटून गेला होता, डाळ बदलायची राहिली होती. मी आधी त्या उचलल्या, सावकाश, डावा हात आणि उजवा हात. मग त्यातली डाळ शिजवली. वरण घट्ट केलं, पळी उभी राहील असं. वाढायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, फार झालंय. तळमजल्याचं धरून माप घेतलं होतं.